जेम्स क्रेग : दोर ओढून पाहिलेलं जहाज

आम्ही बडोदेकर समुद्रापासून तसे लांबचेच. शहरातून विश्वामित्री वाहते, तिच्यात मगरी. मही खंबातच्या आखाताला मिळते खरी, पण तिथे जाऊन बघावं तर ओहोटीला पाणी कुठच्या कुठे गेलेलं आणि मधे नुसता चिखल. लहानपणी समुद्राशी ओळख झाली ती कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये, देवमाशाच्या सांगाड्यापाशी. 1944 साली महीच्या मुखाशी आलेला तो निळा देवमासा, लांबी 70 फुटांहून जास्त. रविवारी वडील घेऊन जायचे आणि मी बरगड्या मोजत उभा राहायचो. गायकवाडांच्या राज्यात ओखा, बिलिमोरा अशी बंदरं होती हे पुढे शाळेत वाचलं. पण शिडाचं मोठं जहाज ही माझ्या लेखी साठी उलटेपर्यंत चित्रातलीच गोष्ट होती.

नोकरी सगळी मकरपुऱ्यात झाली, फॅब्रिकेशनच्या कारखान्यात. जाड पत्रा वाकवायचा, वेल्ड करायचा, जोडाचा एक्स-रे काढून तपासायचा, टाक्या आणि हीट एक्स्चेंजर तयार करून पाठवायचे. त्यामुळे मुलीनं सिडनीहून "बाबा, हे तुम्हाला आवडेल" म्हणून जेम्स क्रेगचा फोटो पाठवला, तेव्हा माझी नजर आधी शिडांवर गेलीच नाही. फोटो मोठा करून मी जहाजाच्या बाजूचा पत्राच बघत बसलो. 1874 साली इंग्लंडमध्ये संडरलंडला बांधलेलं लोखंडी जहाज, विजेच्या वेल्डिंगचा शोध लागण्याआधीच्या काळातलं, सगळं रिव्हेट मारून जोडलेलं, आणि ते अजून प्रवासी घेऊन खुल्या समुद्रात जातं! फेब्रुवारीत आम्ही तिच्याकडे जाणारच होतो. लगेच फोन करून म्हटलं, तिकीट काढून ठेव. "आईचं पण?" तिनं विचारलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आईचं आधी काढ."

आमची कारखान्यातली जुनी मंडळी रविवारी सकाळी दांडिया बाजारात चहाला जमतात. तिथे ही बातमी सांगितली तर प्रत्येकानं आपापली कामगिरी माझ्यावर सोपवली. एकानं सांगितलं, रिव्हेटमधलं अंतर मोजून आण. दुसऱ्याला डोलकाठीचा बुडखा जहाजात कुठे आणि कसा टेकवलाय ते हवं होतं. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे म्हणाले, "ते सगळं राहू दे. वारा सुटल्यावर पत्रा कसा वाजतो ते ऐकून या." हा प्रश्न मला फार आवडला होता.

सिडनीत पोचल्यावर प्रवासाच्या आधी एका सकाळी आम्ही जहाज नुसतं बघायला गेलो. ते पिरमॉन्टच्या वार्फ 7 वर बांधलेलं असतं, राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या शेजारी. सांभाळते सिडनी हेरिटेज फ्लीट ही स्वयंसेवकांची संस्था. जवळ जाईपर्यंत त्याचा आवाका कळत नाही. जहाजाचं अंग सुमारे 55 मीटर लांब, त्यावर तीन डोलकाठ्या. पुढच्या दोन्हींना आडव्या काठ्या, म्हणजे यार्ड, आणि त्यांच्यावर चौकोनी शिडं. तिसरीला मात्र आडव्या काठ्या नाहीत, तिची शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेनं लागतात. अशा रचनेच्या जहाजाला बार्क म्हणतात. सगळी मिळून 21 शिडं. आणि त्या शिडांचे दोर! ते वरून खाली येतात आणि डेकच्या कडेला ओळीनं लावलेल्या खुंट्यांना बांधलेले असतात. खुंटीगणिक एक दोर, त्याचं वेटोळं वर टांगलेलं, आणि कुठेही नाव लिहिलेलं नाही. खलाशांना ते पाठ असतात. रात्री, पावसात, हातानं चाचपून योग्य दोर सापडला पाहिजे, म्हणून प्रत्येकाची जागा ठरलेली आणि ती कधीही बदलायची नाही.

आम्हाला फिरवणारे गृहस्थ निवृत्त शाळामास्तर होते. आतल्या डेकवर उतरलो तेव्हा ते इतिहास सांगत होते आणि माझा हात भिंतीवरून फिरत होता. आतून जहाजाच्या फासळ्या आणि पत्र्यांचे जोड उघडे दिसतात. पत्र्यावर पत्रा चढवून कडेनं रिव्हेटची ओळ. त्यांनी मधेच थांबून विचारलं, "धातूकाम करत होतात का?" मग आमचं जमलं. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. मी डोळे मिटून तळहात फिरवला तरी जुना पत्रा कुठला आणि नवा कुठला ते कळत होतं. जुन्याची पाठ खडबडीत, बारीक बारीक खड्ड्यांची, नव्याची सपाट. रंगाचे इतके थर चढले तरी तो फरक बुजलेला नाही. 1874 साली जहाजं रॉट आयर्नची, म्हणजे घडीव लोखंडाची बांधत, स्टीलची चलती त्यानंतरच्या दशकातली. रॉट आयर्नच्या पोटात स्लॅगचे, म्हणजे मळीचे तंतू असतात आणि गंजापुढे ते साध्या पोलादापेक्षा जास्त टिकतं, असं आम्ही वर्कशॉपमध्ये जुन्या लोकांकडून ऐकत आलो होतो. इथे तेच लोखंड, दीडशे वर्षांच्या खाऱ्या पाण्यातून आलेलं, माझ्या हाताखाली होतं. सौ. म्हणाली, "अहो, बाकीचे वर गेले." मी म्हटलं, जाऊ देत.

या जहाजावरून जे जे गेलंय ते ऐकल्यावर वाटतं की हे टिकायचं काहीच कारण नव्हतं. पाण्यात उतरलं तेव्हा नाव होतं क्लॅन मॅक्लिऑड. जगभर माल वाहायचा, जिथे भाडं मिळेल तिथे जायचं, असं त्याचं आयुष्य. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला त्यानं 23 वेळा वळसा घातला. तिथलं पाणी जगातल्या सगळ्यांत वाईट पाण्यांपैकी. शिडाच्या जहाजानं ते एकदा पार केलं तरी खलाशी जन्मभर सांगत. 1900 साली न्यूझीलंडच्या जे. जे. क्रेग यांनी ते विकत घेतलं आणि 1905 मध्ये त्याला जेम्स क्रेग हे नाव मिळालं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये 1911 पर्यंत ते माल नेत राहिलं. मग आगबोटींपुढे टिकेना. डोलकाठ्या उतरवून न्यू गिनीत त्याचं खोबरं साठवायचं तरंगतं गोदाम केलं. पहिल्या महायुद्धानंतर जहाजांची टंचाई झाली म्हणून पुन्हा काही काळ शिडं चढली. 1925 साली परत उतरली, आणि टास्मानियाच्या दक्षिणेला रेशेर्श बे नावाच्या आडबाजूच्या उपसागरात ते कोळशाचं कोठार म्हणून नांगरून ठेवलं गेलं. शेवटी कोळशालाही नकोसं झालं. 1932 मध्ये मच्छीमारांनी पिछाडीला सुरुंग लावून सुमारे 3 मीटरचं भगदाड पाडलं आणि ते उथळ पाण्यात बसलं.

तिथे ते चाळीस वर्षं पडून होतं. त्या अवस्थेतला एक फोटो मास्तरांनी आम्हाला दाखवला. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गंजका सांगाडा, आरपार उजेड दिसतोय. मी कारखान्यात असताना कुणी असं काम आणून म्हटलं असतं की दुरुस्त करायचंय, तर मी भंगाराचा भाव सांगितला असता. 1972 साली सिडनीहून काही स्वयंसेवक तिथे गेले, भोकं बुजवली, पाणी उपसलं आणि ते तरंगवलं. पुढच्या वर्षी ओढत होबार्टला नेलं, जुजबी डागडुजी केली, 1981 मध्ये ओढतच सिडनीला आणलं. मग पाण्याखाली बुडवता-उचलता येणाऱ्या तराफ्यावर चढवून अंगाचं काम सुरू केलं. त्यात पगारी कारागीर होते, आणि नोकरी सांभाळून शनिवारी-रविवारी येणारे हौशी लोकही होते. 1997 साली ते पुन्हा पाण्यात उतरलं आणि 2001 च्या सुमारास सगळं काम पुरं झालं. ज्यांनी 1972 मध्ये चिखलात उभं राहून पाणी उपसलं, त्यांच्या हयातीतली जवळजवळ तीस वर्षं त्यात गेली. मास्तरांना मी विचारलं, एवढी वर्षं कुणाचा धीर सुटला नाही? ते म्हणाले, सुटायचा, पण दर शनिवारी करायला काहीतरी ठरावीक काम असायचं.

प्रवासाच्या दिवशी सकाळी लवकर धक्क्यावर गेलो. मुलगी आणि जावई सोडायला आले होते; सौ.नं पर्समध्ये बडोद्याहून आणलेला आलेपाक ठेवला होता, समुद्र लागू नये म्हणून. नावं नोंदवली, चढलो, सूचना झाल्या. लाइफ जॅकेट कुठे, डोकं कुठे सांभाळायचं, काम सुरू असताना कुठे उभं राहायचं नाही. मग दोराचे नियम, आणि ते त्यांनी अगदी जोर देऊन सांगितले. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. "थांबा" म्हटलं की धरून ठेवायचं, सोडायचं नाही. सोडायचा हुकूम वेगळा. ज्याला ओढायला यायचं त्यानं यावं, ज्याला बसून बघायचं त्यानं बसावं. सौ.नं बाह्या वर केल्या.

सगळा खलाशीवर्ग स्वयंसेवक. आमच्या डोलकाठीपाशी एक नर्स होती, एक सुतार, विद्यापीठात शिकणारा एक मुलगा आणि सत्तरीचे एक आजोबा, ज्यांना सगळे दबकून होते. हे लोक आधी शिकतात, परीक्षा देतात, मगच वर चढायची परवानगी मिळते. आणि नियमितपणे येऊन जहाज घासणं, रंगवणं, दोर बदलणं हेही त्यांचंच काम. कप्तानापासून सगळे.

धक्क्यावरून निघताना इंजिन लावतात. मूळ जहाजाला इंजिन नव्हतं, दुरुस्तीच्या वेळी बसवलं, कारण आजच्या गजबजलेल्या बंदरात त्याशिवाय सोडणारच नाहीत. हळूहळू वळून आम्ही हार्बर ब्रिजकडे निघालो. पूल पाण्यापासून 49 मीटर उंच आहे, तरी डोलकाठीचं टोक खालून जाताना सगळ्यांच्या माना वर. मला मात्र त्या पुलाखाली दुसऱ्याच कारणानं भरून आलं. हा पूल 1932 साली उघडला. म्हणजे ज्या वर्षी सिडनीत त्याचं उद्घाटन झालं, त्याच वर्षी टास्मानियात या जहाजाला सुरुंग लावला गेला. पुलाला सुमारे 60 लाख रिव्हेट आहेत, त्याचं बरंचसं पोलाद इंग्लंडच्या मिडल्सब्रोहून आलेलं. आणि जहाज संडरलंडचं. दोन्ही गावं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याची, एकमेकांपासून जवळ. लाल तापवलेला रिव्हेट भोकात घालायचा, डोकं ठोकायचं, आणि थंड होताना तो आकसून दोन पत्रे आवळून धरतो. वर तेच, खाली तेच. मी हे सौ.ला सांगत होतो तर शेजारचा तो विद्यापीठातला मुलगाही ऐकायला आला, आणि पूल मागे पडला तरी आमचं बोलणं चालूच होतं.

ऑपेरा हाऊस, फोर्ट डेनिसनचं छोटं बेट, ब्रॅडलीज हेड हे सगळं फोटोंमध्ये आहे, त्यावर वेळ घालवत नाही. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना उंच कडे आहेत, नॉर्थ हेड आणि साउथ हेड. साउथ हेडवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं हॉर्नबी दीपगृह. त्यांच्यामधून बाहेर पडलं की खरा समुद्र. पायाखाली पहिली लांब लाट आली तेव्हा जहाज पुढून उचललं गेलं, क्षणभर थांबलं आणि सावकाश खाली गेलं. डेकवरच्या गप्पा एकदम थांबल्या. पुढच्या लाटेला पुन्हा सुरू झाल्या.

खलाशी वर चढू लागले. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंनी दोरांच्या शिड्या असतात, त्यांवरून. वर पोचल्यावर यार्डवर पसरायचं, पायाखाली एकच लोंबता दोर, पोट काठीवर टेकवून दोन्ही हातांनी शिडाच्या बांधण्या सोडायच्या. कंबरेला हार्नेस असतो, पण जुन्या काळी तोही नव्हता. ती नर्स सगळ्यांत वरच्या काठीवर गेली. खाली आमची माणसं आपापल्या दोरांवर लागली. चौकोनी शीड उघडणं म्हणजे नुसतं ओढणं नव्हे, हे मला तिथे कळलं. शिडाच्या पोटाला वर धरून ठेवणारे दोर वेगळे, खालचे कोपरे वर ओढणारे वेगळे, आणि तेच कोपरे खाली ताणणारे आणखी वेगळे. एक गट सोडतो, त्याच वेळी दुसरा ओढतो. एखादा दोर खुंटीवर तसाच राहिला तर शीड फाटेल. म्हणून प्रत्येक जण आपल्या दोराचं नाव मोठ्यानं सांगतो, तो मोकळा आहे असं कळवतो, आणि मुकादम ते ऐकल्याशिवाय पुढचा हुकूम देत नाही.

आमच्या वाट्याला वरच्या टॉपसेलचा, म्हणजे डोलकाठीवरच्या एका चौकोनी शिडाचा दोर आला. या शिडाची काठीच वर चढवावी लागते, शिडासकट. ओळीत दहा-बारा जण उभे. माझ्या पुढे सौ., तिच्या पुढे जर्मनीहून आलेली एक उंच बाई. "टू, सिक्स, हीव्ह!" हीव्हला सगळ्यांनी एकदम झुकायचं. पहिल्या दोन-तीन ओढींना काहीच झालं नाही असं वाटलं, दोर नुसता ताणला गेला. मग वर कुठेतरी कुरकुरलं आणि काठी हलली. तिथून पुढे लय लागली. दोर जाडजूड, हाताला भरड, थोडा ओलसर, त्याला डांबराचा वास. काठी वर जाईल तसं ओझं वाढत जातं, कारण शीड उघडतं आणि वारा त्यात शिरतो. उत्तरायणाला गच्चीवर पतंग वाऱ्याला लागला की मांजा बोटांत जिवंत होतो ना, तो ताण मी इथे दोन्ही पंजांत आणि खांद्यात अनुभवला. आमची ओळ मागे मागे सरकत होती. "बिले!" झालं आणि सत्तरीच्या त्या आजोबांनी दोर खुंटीवर आठच्या आकड्यात भराभर फिरवून अडकवला. हाताची हालचाल इतकी आटोपशीर की मी बघतच राहिलो. वर पाहिलं तर शीड तट्ट फुगलं होतं. सौ. मागे वळून म्हणाली, "हे आपण चढवलं!" तिच्या तळहातांवर लाल रेघा उठल्या होत्या आणि ती त्या जर्मन बाईला दाखवत होती.

मग इंजिन बंद केलं. मला वाटलं होतं शांत होईल. उलट आवाज वाढले. इंजिनच्या घरघरीत दबलेलं सगळं ऐकू यायला लागलं. नाळेखाली पाणी फाटल्याचा सळसळाट, कप्प्यांची किरकिर, काठ्या टेकण्याचे ठोके, वरच्या बारीक दोरांची शीळ. दांडिया बाजारातला प्रश्न आठवला आणि मी आतल्या डेकवर उतरून पत्र्याला कान लावला. लाट आदळली की खोल, जाड आवाज येतो, आणि त्याचा नाद राहत नाही, लगेच विरतो. सुटा पत्रा झणझणतो. इथे फासळ्यांनी आणि रिव्हेटांनी तो इतका घट्ट धरलाय की झणकार उमटतच नाही. तिथून निघावंसंच वाटत नव्हतं.

वारा ईशान्येचा होता. सिडनीला उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून असा वारा सुटतो. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वारा येतो त्या दिशेपासून 60 ते 70 अंश बाजूला राहावं लागतं. आजच्या शर्यतीच्या होड्या याहून कितीतरी जवळ जातात. त्यामुळे आम्ही डावीकडून वारा घेत पूर्व-आग्नेयेला निघालो, जहाज उजवीकडे किंचित कललेलं. शिडं भरल्यावर हिंदकळणंही कमी होतं, कारण वारा जहाजाला एका बाजूला धरून ठेवतो. तरी काही मंडळी कठड्याला टेकून गप्प झाली होती. आलेपाकाची पुडी त्यांच्यात फिरली, आणि जेवणाच्या वेळी लीलो चिवड्याचा डबा निघाला तेव्हा तो खलाशांनी संपवला. आजोबांनी मूठभर खिशात घातला.

दुपारी परतायचं ठरलं तेव्हा जो प्रकार बघितला तो माझ्या मते अख्ख्या दिवसाचा कळस. जहाज वळवायचं तर वाऱ्याकडे तोंड करून न वळता पाठ करून वळवतात. सुकाण्याचं मोठं चाक फिरलं, जहाज उजवीकडे वळत वाऱ्यापासून दूर जाऊ लागलं, आणि त्याच वेळी दोन्ही डोलकाठ्यांवरच्या सगळ्या यार्ड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवायच्या. त्यासाठी काठ्यांच्या टोकांना दोर असतात. एका बाजूचे ओढायचे, दुसऱ्या बाजूचे बेतानं सोडायचे. मुख्य डोलकाठीचं आधी, पुढचीचं थांबून. पुढची शिडं वाऱ्यात धरून ठेवायची की जहाजाचं तोंड फिरायला मदत होते, आणि कुठल्या क्षणी ती सोडायची, हे सुकाण्यापाशी उभा असलेला अधिकारी नुसत्या शिडांच्या कडा पाहून ठरवत होता. पत्र्यावर काम करताना आम्ही मोजमाप आधी ठरवायचो. इथे मोजमाप क्षणाक्षणाला बदलत होतं आणि पन्नासेक माणसं एका माणसाच्या आवाजावर हलत होती. वारा पिछाडीवर आला तेव्हा सगळं थोडं ढिलं पडलं, शिडं फडफडली. मग उजव्या अंगानं भरली आणि जहाजानं पुन्हा वेग घेतला. किनाऱ्याचे कडे आता समोर होते. आमच्या ओळीत सगळे धापा टाकत हसत होते.

जुन्या वस्तू जपायच्या म्हटलं की आपण त्यांना दोरी लावून "हात लावू नये" लिहितो. बडोद्यात मी हे पुष्कळ पाहिलंय. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची नॅरो गेज लाइन 1862 ची, बैलांनी डबे ओढण्यापासून सुरू झालेली. तिच्या गोष्टी सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि इंजिन उभं करून रंग दिला की त्या माणसांचं ज्ञान त्यात राहत नाही. जेम्स क्रेगवर मला जे फार मोलाचं वाटलं ते हेच की तिथे दोर ओढावाच लागतो. कुठला दोर कधी सोडायचा हे आजोबांच्या हातात आहे, ते नर्सच्या हातात जातंय, तिथून त्या मुलाच्या. त्यासाठी जहाजाला समुद्रात जावंच लागतं. खर्च होतो, पत्रा झिजतो, दोर तुटतात. होऊ देत.

बंदरात शिरल्यावर शिडं आवरायचं काम झालं. उघडण्यापेक्षा ते अवघड, फुगलेलं कापड यार्डवर ओढून घट्ट गुंडाळायचं. धक्क्याला लागलो तेव्हा प्रवासी उतरले, स्वयंसेवक थांबले. अजून डेक धुवायचं होतं, वेटोळी नीट लावायची होती. मास्तर धक्क्यावर भेटले. मी विचारलं तसं त्यांनी सांगितलं की पुढचं काम बघायचं असेल तर रोझेल बेच्या शेडमध्ये या.

तिथे गेलो. जॉन ऑक्सली नावाची 1927 ची वाफेची पायलट बोट दुरुस्तीला होती. बंदरात येणाऱ्या जहाजांवर वाटाडे पोचवायचं तिचं काम होतं. जेम्स क्रेगनंतर या लोकांनी ही हातात घेतली. वयस्क माणसं वाकून बोटीच्या बुडाशी काम करत होती. मी मकरपुऱ्याचं सांगितल्यावर एकानं हातातलं थांबवून मला जोडाची कड दाखवली, पत्रा कसा बसवला, भोकं आधी पाडून मग कशी जुळवून घेतली ते समजावलं. मी त्याला आमच्याकडे जाड पत्रा गोल वाकवताना टोकं सपाट राहू नयेत म्हणून काय करतो ते सांगितलं. चहाच्या सुट्टीपर्यंत आम्ही दोघं जमिनीवर खडूनं आकृत्या काढत होतो.

बडोद्याला परतल्यावर दांडिया बाजारात सगळ्यांना हिशेब द्यावा लागला. रिव्हेटमधल्या अंतराचा आकडा वहीत होता तो दिला. डोलकाठीचा बुडखा खाली जहाजाच्या कण्यावर कसा बसवलाय त्याचं चित्र काढून दाखवलं. पत्र्याच्या आवाजाचं सांगितलं तेव्हा वडीलधारे बराच वेळ विचारत राहिले, जाड म्हणजे कसा, नाद किती वेळ, लाट बाजूनं आली तर फरक पडतो का. मग त्यांनी विचारलं की तिकीट किती आधी काढावं लागतं. मी सांगितलं, जहाज रोज जात नाही, तारखा बघून आधीच काढा. बूट सपाट तळाचे, टोपीला बंद हवा, वारा उडवतो. आणि ओढायला बोलावतील तेव्हा बसून राहू नका. त्यांचा नातू मेलबर्नला असतो. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला फोन लावला.